फुटलेल्या मंडळ्यांचा इतिहास

मराठी रंगभूमीचे इतिहास वाचताना एक क्रियापद पुनःपुन्हा भेटते. अमुक नट अमुक मंडळीतून 'फुटला', अमुक साली मंडळीत 'फूट पडली', आणि मग त्या फुटीतून अमुक नावाची नवी मंडळी 'निघाली'. या क्रियापदाची आपल्याला इतकी सवय झालेली आहे की त्यात दडलेला निवाडा आपल्या लक्षातही येत नाही. जी वस्तू फुटते ती आधी अखंड होती, आणि अखंड असणे हेच चांगले होते, असे ते क्रियापद सुचवते. नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना आम्हीही हे शब्द सहजपणे वापरत आलो. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि परीक्षेत लिहितात. कारण विचारले तर 'मतभेद' हा एक शब्द पुरतो.

या मतभेदांचा थोडा शोध घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पण त्यासाठी प्रश्न नीट मांडायला हवा. माणूस एखादी मंडळी का सोडतो, हा प्रश्न तुलनेने सोपा आहे. पगार, अपमान, हेवा, थकवा यांपैकी काहीही त्याला पुरते. खरा प्रश्न पुढचा आहे. मंडळी सोडणाऱ्या नामवंत नटासमोर दुसऱ्या स्थिरावलेल्या मंडळीचे दार बहुधा उघडे असे. तिच्याकडे पडदे तयार होते, कपडेपट तयार होता, गावोगावचे प्रेक्षक तिला ओळखत होते. तरीही १९०८ साली केशवराव भोसले, १९१३ साली बालगंधर्व, १९१८ साली दीनानाथ मंगेशकर यांनी ते दार ठोठावले नाही. त्यांनी कर्ज, अनिश्चितता आणि दगदग पत्करून नवे बिऱ्हाड थाटले. हा खर्चिक मार्ग त्यांनी का निवडला असावा?

आरंभी हे लक्षात घ्यावे, की ज्या किर्लोस्कर नाटक मंडळीला आपण सर्व फुटींचे मूळ घर मानतो, तीही कोणे एके काळी नवीच मंडळी होती. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले ते चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये हा आश्रयदाता गेला आणि भाव्यांना नाटक घेऊन गावोगाव फिरावे लागले. त्यांचे पाहून इचलकरंजीकर, कोल्हापूरकर अशा गावांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या मंडळ्या निघाल्या. त्या काळी अशी मंडळी काढणे फारसे अवघड नव्हते. कथानक पुराणातले, पदे म्हणायला सूत्रधार समर्थ, आणि पात्रांची भाषणे बरीचशी आयत्या वेळची. सूत्रधार, चार धीट सोंगाडी आणि एक पडदा जमला की खेळ उभा राहत असे.

१८८० पर्यंत अशा कितीतरी मंडळ्या महाराष्ट्रभर हिंडत होत्या. पुण्यात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या बळवंत पांडुरंग किर्लोस्करांनी, म्हणजे अण्णासाहेबांनी, त्यांपैकी एखादीला आपले 'शाकुंतल' देऊन टाकले असते तर? ते शक्य नव्हते, असे आमचे मत आहे. अण्णासाहेबांच्या नाटकात पात्राने आपले पद स्वतः म्हणायचे होते. भाषण आणि गाणे एकाच तोंडातून यायचे होते. जुन्या मंडळीत गाण्याचा मान सूत्रधाराचा, आणि बहुधा मंडळीवरचा अधिकारही त्याचाच. पात्रांना गाणे द्यायचे म्हणजे सूत्रधाराचे आसन काढून घ्यायचे. कोणती जुनी मंडळी आपल्या प्रमुखाला असे उठवील? ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतला'च्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला, तो या नव्या रचनेसाठी गोळा केलेल्या नव्या माणसांना घेऊन. नाटकाचा नवा प्रकार आणि माणसांची नवी रचना एकाच रात्री रंगभूमीवर आली. मंडळी म्हणजे केवळ नाटक करणाऱ्यांचा जमाव नसतो. कोणी गावे, कोणी ठरवावे, कोणाला किती मिळावे याची ती एक बसलेली घडी असते. नवा माणूस तिच्यात शिरू शकतो, पण घडीप्रमाणे बसून.

ही घडी कशी होती ते पाहू. संगीत नाटकाच्या वैभवकाळातील मंडळी म्हणजे एक फिरते कुटुंब होते. मुक्कामाच्या गावी बिऱ्हाड घेतले जाई. आचारी, कपडेपटवाले, पडदे ओढणारे, साथीदार, लहान मुले असा मोठा गोतावळा एकाच पंक्तीला जेवत असे. पंक्ती एक असली तरी माणसे मात्र तीन प्रकारची होती. काही मालक किंवा भागीदार, काही मोठ्या पगाराचे नामवंत नट, आणि उरलेले अल्प पगारावर किंवा केवळ अन्नवस्त्रावर राबणारे. मुलांना लहानपणीच मंडळीत आणले जाई. त्यांच्याकडून पदे घोटून घेतली जात आणि त्यांच्या कोवळ्या आवाजावर मंडळीचे उत्पन्न चाले. भाव्यांच्या काळापेक्षा भांडवल कितीतरी जास्त लागे. रंगवलेले पडदे, भरजरी पोशाख, ऑर्गन, तबला, सारंगी, आणि महिनोन्महिन्यांच्या तालमी. नवी मंडळी काढणे आता स्वस्त राहिले नव्हते. तरीही मंडळ्या निघतच राहिल्या. तेव्हा 'काढणे सोपे होते म्हणून काढल्या' हे स्पष्टीकरण भाव्यांच्या पिढीला लागू पडले, तरी विसाव्या शतकाला लागू पडत नाही.

पहिले कारण भूमिकांचे आहे. केशवराव भोसल्यांचा जन्म १८९० चा, कोल्हापूरचा. जनुभाऊ निमकरांच्या स्वदेशहितचिंतक मंडळीत ते बालनट म्हणून वाढले आणि देवलांच्या 'शारदे'तील त्यांचे गाणे गाजले. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी ललितकलादर्श मंडळी स्थापन केली, तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते. सतराव्या वर्षी ज्याच्या गळ्यावर प्रेक्षक लुब्ध आहेत अशा मुलाला दुसऱ्या मंडळीने आनंदाने घेतले असते. पण कशासाठी घेतले असते? संगीत मंडळीत एक नायिका असते आणि एक नायक असतो. या दोन जागा ज्यांच्याकडे असतात ते त्या सहजासहजी सोडत नाहीत, कारण मंडळीचे नाव, पत आणि कधीकधी मालकीही त्यांच्याच गळ्यावर उभी असते. नव्याने येणाऱ्याला जागा मिळे ती दुसऱ्या क्रमांकाची. वीस वर्षे वाट पाहिली तर पहिली मिळेलही, पण गळा वीस वर्षे वाट पाहत नाही.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे १९२१ चा 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै रोजी मुंबईत गंधर्व आणि ललितकलादर्श या दोन मंडळ्या एकत्र आल्या. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर असा तो योग होता. त्या रात्रीच्या आठवणी मराठी रसिकांनी पिढ्यान्पिढ्या सांगितल्या. पण असे दोन गळे कायमचे एका मंडळीत नांदू शकले नसते. हे दोघे एकमेकांसमोर उभे राहू शकले, कारण दोघेही आपापल्या घरातून आले होते आणि परत आपापल्या घरी जाणार होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केशवरावांचे निधन झाले आणि तो योग पुन्हा आला नाही.

दुसरे कारण भागीचे, म्हणजे हिश्शाचे. येथे १९१३ ची गोष्ट थोडी विस्ताराने सांगायला हवी. अण्णासाहेब १८८५ साली गेले. त्यांच्या हयातीत मंडळी कोणाची, हा प्रश्नच उद्भवत नव्हता. नाटक त्यांचे, चाली त्यांच्या, तालीम त्यांची. त्यांच्यामागे हा एकवटलेला अधिकार वाटला गेला. भाऊराव कोल्हटकरांच्या अलौकिक आवाजाने मंडळी तगली. १९०१ मध्ये भाऊरावही गेले. पुढे नानासाहेब जोगळेकर आणि शंकरराव मुजुमदार यांच्या हाती सूत्रे आली. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण मंडळीत आला आणि मिरजेला शकुंतलेच्या वेषात उभा राहिला. १९११ मध्ये खाडिलकरांचे 'मानापमान' आले. त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. त्याच वर्षी जोगळेकर वारले. १९१३ च्या मे महिन्यात 'विद्याहरण' रंगभूमीवर आले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली.

या प्रसंगी मुजुमदारांना खलनायक ठरवण्याची एक प्रथा पडून गेली आहे. हिशेबाच्या वह्या सांभाळणारा व्यवस्थापक आणि त्याच्या जाचाला कंटाळलेले कलावंत, असे ते सोपे चित्र. पण शंकरराव मुजुमदार केवळ वह्यांचे मालक नव्हते. १८८० च्या 'शाकुंतला'त शकुंतलेची भूमिका त्यांनीच केली होती. 'रंगभूमी' हे मासिक त्यांनी चालवले, अण्णासाहेबांचे चरित्र त्यांनी लिहिले. म्हणजे १९१३ मध्ये समोरासमोर आल्या त्या दोन शकुंतला होत्या. एकीने मंडळीच्या जन्माच्या रात्री वल्कले नेसली होती, दुसरीच्या गाण्यासाठी आज थिएटर भरत होते. एकीचे म्हणणे, ही मंडळी आम्ही उभी केली. दुसरीचे म्हणणे, ती आज आमच्यावर उभी आहे. दोन्ही विधाने खरी आहेत, आणि दोन्ही एकाच वेळी खरी असल्यामुळेच हा तंटा तडजोडीने मिटणे अवघड होते. संस्था उभारण्याचा हक्क आणि संस्था चालवण्याचा हक्क यांचे माप एकाच काट्यावर होत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. बालगंधर्व ललितकलादर्शमध्ये का गेले नाहीत, किंवा अन्य एखाद्या मंडळीने मोठा पगार देऊ केला असता तर तो त्यांनी घेतला असता काय? गेले असते तर मालक बदलला असता, स्थिती बदलली नसती. पगार कितीही वाढला तरी पगारी माणूस पगारीच राहतो. कोणते नाटक घ्यायचे, कोणत्या गावी किती मुक्काम करायचा, शालू किती किमतीचा आणायचा, हे दुसरा ठरवतो. तिघांना हवा होता तो ठरवण्याचा अधिकार. तो उसना मिळत नाही. त्यासाठी स्वतःचेच बिऱ्हाड लागते, त्याचे कर्जही स्वतःच फेडावे लागते.

आणि त्यांनी तो अधिकार वापरलाही. १९१६ मध्ये 'स्वयंवर' आले. खाडिलकरांचे नाटक, भास्करबुवा बखल्यांच्या चाली. त्याच वर्षी देवलांचे 'संशयकल्लोळ' संगीत रूपात आले आणि बोडसांचा फाल्गुनराव लोकांच्या तोंडी बसला. १९२० च्या 'द्रौपदी'साठी बालगंधर्वांनी केलेला खर्च कोणत्याही व्यवहारी मालकाने मंजूर केला नसता. पुढच्या कर्जबाजारीपणाकडे पाहता, त्या काल्पनिक मालकाचे चुकले असते असेही म्हणवत नाही. ज्या स्वातंत्र्याने 'स्वयंवरा'चे वैभव दिले त्याच स्वातंत्र्याने कर्जही दिले.

पण गंधर्व मंडळीच्या नावाकडे पुन्हा एकदा पाहावे. भागीदार तिघे, नाव एकाचे. पुढच्या फुटीची तरतूद पाटीवरच करून ठेवलेली होती, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. थोड्याच वर्षांत टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. बोडसही भागीदारीतून निघाले. १९२१ मध्ये कर्जासह सारी मंडळी एकट्या बालगंधर्वांच्या नावावर आली. अधिकार मागण्यासाठी जुने घर सोडणाऱ्यांनी नव्या घरात अधिकाराची वाटणी कशी असावी, याचा विचार वेगळ्या रीतीने केला नव्हता. त्यांनी जुनीच घडी नव्या कापडावर पाडली होती.

मधल्या काळात किर्लोस्कर मंडळीचे काय झाले? बहुतेक इतिहास येथे ऱ्हासाचा सूर लावतात. मात्र वस्तुस्थिती जरा निराळी आहे. ज्या जागा १९१३ मध्ये रिकाम्या झाल्या, त्या जागांवरच नवी माणसे आली. १९१४ मध्ये दीनानाथ मंगेशकर हा चौदाव्या वर्षात असलेला मुलगा किर्लोस्कर मंडळीत आला. १९१६ मध्ये राम गणेश गडकऱ्यांचे 'पुण्यप्रभाव' या मंडळीनेच केले. गडकरी तर तत्पूर्वी मंडळीतल्या मुलांना शिकवण्याच्या कामावर होते. बालगंधर्व तेथेच राहिले असते तर दीनानाथांना आपला गळा सिद्ध करण्यासाठी किती वर्षे थांबावे लागले असते? १९१८ मध्ये दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बळवंत संगीत मंडळी काढली. गडकऱ्यांचे 'भावबंधन' या मंडळीने केले, 'एकच प्याला' गंधर्व मंडळीने. लेखक १९१९ च्या जानेवारीत निवर्तला होता. त्याची नाटके मात्र वेगवेगळ्या बिऱ्हाडांतून महाराष्ट्रभर हिंडत राहिली. एकच अखंड मंडळी असती तर ती एका वेळी एकाच गावी मुक्काम करू शकली असती.

तिसरे कारण इतिहासाच्या मुख्य प्रवाहात फारसे सांगितले जात नाही. काही जणांच्या बाबतीत स्थिरावलेल्या मंडळीत सामील होणे हा पर्यायच नव्हता. पुरुषांनी स्त्रीभूमिका कराव्यात हा त्या काळच्या मोठ्या मंडळ्यांचा पाया होता. गाणाऱ्या स्त्रीला त्यांत प्रवेश नव्हता, मग तिचा गळा कितीही तयार असो. अब्दुल करीम खाँ आणि ताराबाई माने यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांनी १९२९ च्या सुमारास आपल्या भावंडांसह नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेतर्फे नाटके सुरू केली. या घटनेला आपण फूट म्हणत नाही, कारण हिराबाई कोठूनच फुटल्या नव्हत्या. फुटायला आधी आत असावे लागते. पुरुष नटाला भूमिकांची उतरंड सोसत नव्हती म्हणून तो बाहेर पडला. स्त्रीला तर त्या उतरंडीची तळातली पायरीही दिली गेली नव्हती. नवी मंडळी काढणे ही एकाची निवड होती आणि दुसरीची गरज. आम्हांला वाटते, या दोहोंना एकाच मापाने मोजणारा इतिहास अपुरा आहे.

आतापर्यंतच्या उदाहरणांत पैसा, हिस्सा आणि भूमिका ही तीन सूत्रे गुंतलेली आहेत. त्यामुळे कोणी म्हणेल, हा सारा अर्थकारणाचा भाग आहे, त्यात कलेचे तत्त्व कसले? या आक्षेपाला उत्तर द्यायचे तर पैसा जेथे जवळजवळ नव्हता असे उदाहरण हवे. ते आपल्या हौशी आणि प्रायोगिक रंगभूमीने दिलेले आहे. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने, म्हणजे पीडीएने, विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' सादर केले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. नाटकातील नाना फडणविसांच्या आणि पुणेरी ब्राह्मणांच्या चित्रणावरून वादळ उठले. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या नेतृत्वाने नाटक थांबवले. तेव्हा ते करणाऱ्या तरुणांनी संस्था सोडली आणि २७ मार्च १९७३ रोजी थिएटर ॲकॅडमीची स्थापना केली. जानेवारी १९७४ मध्ये 'घाशीराम' पुन्हा उभे राहिले.

येथे पगार नव्हता, हिस्सा नव्हता, नायकाची जागा कोणी अडवून धरलेली नव्हती. तरीही नवी संस्था काढावी लागली. ती का, याचे उत्तर त्या नाटकाच्या रचनेतच आहे. 'घाशीराम' कोणा एकाच्या गळ्यावर उभे नाही. रांगेत उभे राहून भिंत होणारे, डोलणारे, गाणारे ब्राह्मण हेच त्या नाटकाचे शरीर आहे. दोन नामवंत नटांना घेऊन दुसऱ्या संस्थेत जावे आणि तेथील माणसांकडून ते बसवून घ्यावे, असे ते नाटक नव्हते. ते त्या समूहाच्या सरावात होते, त्यांच्या एकमेकांशी जुळलेल्या श्वासात होते. म्हणून १९१३ मध्ये तिघे बाहेर पडले होते, तर १९७३ मध्ये जवळजवळ अख्खे नाटकच बाहेर पडले. जुन्या संस्थेला हवी होती तिची प्रतिष्ठा, तरुणांना हवा होता आपण घडवलेली गोष्ट लोकांसमोर ठेवण्याचा अधिकार. १९७४ मध्ये सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' याच नव्या संस्थेने केले. भूमी मोकळी झाली की पुढचे बीही तेथेच पडते.

मुंबईतही असेच काहीसे घडले. १९६० मध्ये सुरू झालेल्या 'रंगायन'ने 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ मध्ये रंगमंचावर आणले. ते दिग्दर्शित करणारे अरविंद देशपांडे आणि त्यात बेणारेबाई झालेल्या सुलभा देशपांडे यांनी १९७१ मध्ये अरुण काकडे यांच्यासह 'आविष्कार' सुरू केली. 'रंगायन' स्वतःच व्यावसायिक रंगभूमीच्या घडीत न बसणाऱ्यांचे घर होते. दहा-अकरा वर्षांत त्या घरालाही आपली घडी पडली.

या साऱ्या कहाण्या एकत्र वाचल्या म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. बाहेर पडणारी माणसे परंपरेशी भांडत नव्हती. त्यांचे भांडण होते परंपरेच्या वहिवाटदारांशी. गंधर्व मंडळीने 'सौभद्र' टाकले नाही, 'मानापमान' टाकले नाही. नांदी तीच, पदे तीच, तालमीची शिस्तही तीच. दिवा विझवून कोणी निघाले नाही. प्रत्येकाने त्या दिव्यावरून आपला दिवा लावून घेतला. किर्लोस्करी परंपरा म्हणून आपण जे शिकवतो ते फुटलेल्या मंडळ्यांनीच प्रामुख्याने जपले आणि वाढवले. म्हणून फूट हा परंपरेचा खंड मानण्याऐवजी तिच्या वारशाची एक रीत मानावी, असे आम्ही सुचवतो.

पण या रीतीची किंमतही नोंदवली पाहिजे, नाहीतर आपण जुन्या निवाड्याच्या जागी नवा निवाडा बसवू. प्रत्येक नव्या मंडळीबरोबर नवे कर्ज आले. ते पुढे मंडळीच्या मानगुटीवर बसले. तीसच्या दशकात बोलपट आला तेव्हा या मंडळ्यांपैकी कोणाच्याही गाठीशी वाईट काळ काढण्याइतके बळ नव्हते. बळवंत मंडळीने स्वतःच चित्रपटात उडी घेतली आणि १९३४ च्या 'कृष्णार्जुनयुद्धा'ने तिला वर काढले नाही. दुसरी किंमत त्याहून मुकी आहे. मोठा नट फुटतो तेव्हा त्याच्याबरोबर कोण जाते आणि मागे कोण राहते? आचारी, पडदेवाले, दुय्यम नट यांना निवड कोणी विचारली होती? त्यांनी आत्मचरित्रे लिहिली नाहीत. बोडसांचे 'माझी भूमिका', टेंब्यांचे 'माझा जीवनविहार', कोल्हटकरांचे 'बहुरूपी' ही आपली मोठी नट-आत्मचरित्रे पाहा. तिन्ही बाहेर पडलेल्यांनी, भागीदार झालेल्यांनी लिहिलेली आहेत. त्यांचे वाङ्मयीन मोल वादातीत आहे. पण इतिहासाची साधने म्हणून ती वाचताना लेखक दाराच्या कोणत्या बाजूला उभा राहून बोलतो आहे, हे विद्यार्थ्यांनी आधी विचारावे.

मग प्रत्येक मंडळीचे प्राक्तन फुटण्याचेच होते काय? एक अपवाद लक्षणीय आहे. केशवराव भोसले अकाली गेले तेव्हा ललितकलादर्श त्यांच्याच सहवासात घडलेल्या बापूराव पेंढारकरांकडे आली. बापूरावांनी मामा वरेरकरांची 'सत्तेचे गुलाम', 'तुरुंगाच्या दारात' ही नाटके करून तिला नवे वळण दिले. १९३७ मध्ये ते गेल्यावर खंड पडला, पण त्यांचे पुत्र भालचंद्र यांनी ती पुन्हा उभी केली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ती नाटके करीत राहिली. मालकी आतल्या गाणाऱ्या माणसाकडे आली आणि त्याला आपले नाटक निवडण्याची मोकळीक राहिली, तेव्हा मंडळी टिकली. किर्लोस्कर मंडळीत १९११ ते १९१३ या दोन वर्षांत नेमके हेच घडले नाही.

साहित्यसंस्था, नियतकालिके, नाट्यसंस्था, विद्यापीठीय मंडळे यांच्या वर्तुळात वावरणाऱ्या आपणा सर्वांना हा इतिहास परका वाटू नये. 'तरुण आमच्याकडे येत नाहीत, स्वतःचेच काहीतरी सुरू करतात' ही तक्रार आपण अनेक बैठकांत ऐकतो आणि स्वतःही करतो. त्यांना आपण काय देऊ करतो, हे मात्र क्वचितच विचारतो. सतरंजीवर जागा, आभारप्रदर्शन, खुर्च्या मांडण्याचे काम, आणि वीस वर्षांनी कदाचित कार्यकारिणीत प्रवेश. हुबळीचा सतरा वर्षांचा तो मुलगा याहून कमी घेऊन निघालेला नव्हता. त्याला निमकरांच्या मंडळीत भरलेले थिएटर मिळत होते. त्याला हवी होती ती मंडळीची वही, जिच्यात पुढच्या मुक्कामाचे गाव आणि पुढच्या नाटकाचे नाव तो स्वतः लिहू शकेल.